तुम्ही विचारलंत म्हणून : काचेला हा रंग लावता कसा?

माझ्या काचशिल्पांसमोर उभं राहून लोक बहुतेक वेळा हेच विचारतात: "हा रंग लावता कसा? आणि काही वर्षांनी उडणार नाही ना?"

उडणार नाही. रंग काचेवर लावलेलाच नसतो, तो तिच्या अंगातच असतो. काच वितळवताना तिच्यात धातूंची संयुगं मिसळतात. निळ्यासाठी चिमूटभर कोबाल्ट पुरतं. माणकासारख्या लालसाठी सोनं लागतं, आणि त्याचं नवल मला अजून वाटतं. सोनं घातलेली काच पटकन थंड केली तर जवळजवळ बिनरंगी दिसते. पुन्हा तापवली की सोन्याचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि लाली चढते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला रोमन 'लायकर्गस चषक' आहे. उजेड समोरून पडला की हिरवट, आतून आला की लाल. तीही सोन्याचांदीच्या कणांचीच करामत.

पण माझा बराचसा वेळ रंगापेक्षा जाडी ठरवण्यात जातो. समजा, एक सेंटिमीटर काचेतून निम्मा उजेड पलीकडे जातो. मग दोनमधून पाव जाईल, चारमधून सोळावा हिस्सा आणि दहामधून हजारावा हिस्साही नाही. हातातल्या तुकड्यात जो निळा मन वेधून घेतो, त्याचं जाड शिल्प ओतलं तर काळा ठोकळा मिळतो. म्हणून मोठ्या शिल्पासाठी मी इतकी फिकी काच घेते, की नुसता तुकडा पाहणाऱ्याला तिच्यात रंग आहे हे पटतच नाही. मग पोटाशी ती गडद होते, कडेकडे निवळत जाते, आणि या सगळ्या छटा एकाच काचेच्या असतात.

चेक शिल्पकार स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा या जोडप्याइतकं हे कुणालाच उमगलं नाही, असं माझं ठाम मत आहे. ते काचेच्या मागच्या बाजूला पोकळी ठेवत. समोरून पाहिलं की ती पोकळीच भरीव आकार वाटते, आणि काच जिथे पातळ तिथे उजळते. मी आजही पोकळीचा उतार ठरवताना अडले की त्यांच्या कामाकडे वळते.

साच्यातून निघालेलं शिल्प सावकाश थंड करावं लागतं. जाड असेल तर त्यात कित्येक आठवडे जातात. घाई केली तर आत ताण राहतो आणि काच कधीही तडकते. त्यानंतर घासकाम. घासताना पाणी चालू असतं आणि काच ओली असेपर्यंत आतलं सगळं स्वच्छ दिसतं. वाळली की खरखरीत पृष्ठभाग दुधी होतो. कुठला भाग तसाच दुधी ठेवायचा, कुठला चकचकीत करायचा, हा निर्णय मला सगळ्यात अवघड वाटतो. दुधी भाग उजेड पसरवतो आणि रंग मऊ दिसतो. चकचकीत भागातून नजर थेट आत जाते. सगळंच चकचकीत केलं तर पलीकडची भिंत दिसते, शिल्प दिसत नाही.

म्हणून शिल्प घेणाऱ्यांना माझी एकच विनंती असते: समोरून झगझगीत दिवा सोडू नका, ते खिडकीपाशी ठेवा, उजेड मागून येऊ द्या. निओडिमियम या धातूचं संयुग मिसळलेली काच असेल तर जागा ठरवण्याआधी ती दिवसाही बघा आणि तुमच्या ट्यूबलाइटखालीही. दिवसा जांभळट दिसणारी ही काच तिथे निळसर दिसते.