स्लाइडवरच्या त्या मोठ्या पेशी

गेल्या पावसाळ्यात वाळवा तालुक्यातील एक शेतकरी आपल्या १९ वर्षांच्या मुलाला घेऊन मिरजेतील आमच्या प्रयोगशाळेत आले. मुलगा तालमीतला पैलवान. दहा दिवसांचा ताप, सुजलेला घसा, मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी आणि अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या घेतल्यावर अंगभर उठलेले पुरळ. आदल्या दिवशी दुसरीकडे केलेल्या तपासणीत यंत्राने अपरिपक्व पेशींची शंका दाखवली होती आणि तेवढ्या खुणेवरून कोणीतरी वडिलांना रक्ताचा कॅन्सर असल्याचे सांगून टाकले होते. स्लाइड न पाहता असे बोलणे मला आजही अक्षम्य वाटते.

मी स्लाइड लावली. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मोठ्या होत्या, परंतु एकीसारखी दुसरी नव्हती. त्यांच्या कडा शेजारच्या तांबड्या पेशींना बिलगलेल्या आणि तेथे गडद निळ्या झालेल्या होत्या. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, पेशी बहुधा एका साच्यातल्या दिसतात. हिमोग्लोबिन उत्तम होते, प्लेटलेट किंचित कमी. एपस्टाइन-बार या नागीण कुळातील विषाणूविरुद्धच्या आयजीएम प्रतिपिंडांची, म्हणजे ताज्या संसर्गात बनणाऱ्या प्रतिपिंडांची, चाचणी दुसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह आली.

"मॅडम, मग ह्या पेशी कसल्या?" वडिलांनी विचारले. लाळेतून आलेला हा विषाणू प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी या लिम्फोसाइटवरील सीडी२१ या प्रथिनाला चिकटतो, आत शिरतो आणि त्या पेशीला स्वतःच्या सोयीसाठी विभाजित होत राहायला लावतो. स्लाइडवर दिसत होत्या त्या मात्र बहुतांशी त्या बाधित पेशींना मारायला निघालेल्या टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोसाइट होत्या. म्हणजे ज्यांना पाहून घर हादरले होते, ते मुलाचे स्वतःचे सैन्य होते. हे मी त्यांना शेतातल्या राखणदारांच्या भाषेत सांगितले. बरे झाल्यावरही थोड्या स्मृती-बी पेशींत (जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या बी पेशींत) विषाणू जवळजवळ मुका होऊन जन्मभर राहतो आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात तो असतोच, हेही सांगितले. हाच विषाणू १९६४ मध्ये प्रथम बर्किट लिम्फोमा या कॅन्सरच्या पेशींत दिसला होता, हे त्या घडीला सांगणे मला योग्य वाटले नाही.

पानथरी (प्लीहा) सुजलेली असल्याने ती फुटण्याचा धोका होता, म्हणून फिजिशियनांनी कुस्ती बंद केली. मुलाने फक्त कुंडलच्या कुस्ती मैदानाबद्दल विचारले. सोनोग्राफीत पानथरी पूर्ववत दिसेपर्यंत ते मैदान होऊन गेले होते.