टिकलीचं बटण

वाईच्या आमच्या घराचा पत्ता कुणाला सांगावा लागत नसे. संध्याकाळी सातच्या बातम्या ज्या खिडकीतून गल्लीभर ऐकू येतात, ते आमचं घर. बाबांचे कान गेली चार वर्षं हळूहळू दगा देत होते. त्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि जुन्या बत्तीस इंची पडद्यावरची खालची पट्टी तिला वाचता येईना. एकाचे कान, एकीचे डोळे. म्हणून नवा टीव्ही. माझ्या हौसेचा त्यात काही भाग नव्हता, असं मात्र म्हणणार नाही.

२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेलाच, बत्तीस इंचांच्या वरच्या टीव्हींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. "दसऱ्याला आण," आई फोनवर म्हणाली. दसरा २ ऑक्टोबरला. "मुंबई दूरदर्शनसुद्धा २ ऑक्टोबरलाच सुरू झालं, १९७२ साली," मागून बाबा. त्यांच्या हिशेबात मुहूर्त दुप्पट झाला.

पुण्यातल्या दुकानात सगळ्या पडद्यांवर एकच पोपट उडत होता. पोपट कुठल्याही टीव्हीवर छानच दिसतो. मी म्हटलं, "दादा, सेट-टॉप बॉक्स लावा आणि साधं, एचडी नसलेलं मराठी चॅनल दाखवा." त्याने नाखुशीने वायर शोधली. पंचावन्न इंची फोर-केवर निवेदिकेचा चेहरा पाण्यात भिजल्यासारखा पसरला होता.

कारण साधं आहे, नुसता गुणाकार. साध्या चॅनलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे साधारण चार लाख. फोर-के पडदा ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळपास त्र्याऐंशी लाख. बरोबर वीसपट. म्हणजे आलेल्या एका ठिपक्यामागे एकोणीस ठिपके टीव्ही आपल्या मनाने रंगवतो. ते किती शहाणपणाने रंगवतो, यातच चांगल्या आणि बऱ्या टीव्हीतला फरक. पोपटावरून तो कळत नाही. आईबाबांचं निम्मं बघणं साध्या चॅनलवर आणि दिवाणापासून भिंत सात फुटांवर, म्हणून मी त्रेचाळीस इंचांवर थांबले. दुकानदाराला माझी कीव आली असावी.

टीव्ही दसऱ्याला घरात आला, झेंडूची माळ घालून कोपऱ्यात उभा राहिला आणि चार दिवस खोक्यातच राहिला. बसवायला कंपनीचा माणूस "उद्या येतो" म्हणत होता. आला तेव्हा त्याने भिंतीत ड्रिल घातलं आणि भिंतीतून पांढरी माती भुरभुरत खाली आली. आमचं घर जुनं, आतली भिंत भेंड्यांची, म्हणजे मातीच्या न भाजलेल्या विटांची. तिसऱ्या भोकालाही स्क्रूसाठीचं प्लास्टिकचं फिशर धरेना. "ताई, ही भिंत टीव्ही सांभाळणार नाही." बाबा शांतपणे म्हणाले, "शंभर वर्षं माळवद सांभाळलंय तिने." शेवटी जुन्या टीव्हीच्याच शिसवी कपाटावर पाय लावून ठेवला. मला विचाराल तर तेच बरं झालं. भिंतीवर खूप वर टांगलेल्या टीव्हीकडे मान वर करून बघायचं म्हणजे दोन तासांनी अमृतांजन.

पुढचे तीन संध्याकाळचे तास सेटिंगमध्ये गेले. सुरुवातीलाच टीव्ही ढीगभर संमत्या मागतो. त्यातली एक अशी की तुम्ही काय बघता ते पडद्यावरून ओळखून तो कळवणार. ती खूण काढली.

मग चित्र. कारखान्यातून टीव्ही दुकानाच्या झगमगाटासाठी भडक करून पाठवलेला असतो. आई डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "सगळं निळं-निळं दिसतंय गं." ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं जुनं पिवळटलेलं भिंग जातं, त्यामुळे निळा रंग आधीच्यापेक्षा जास्त जाणवतो; त्यात टीव्हीनेही निळसर झाक दिलेली. रंगछटा 'वॉर्म'वर नेली, उजेड निम्म्यावर आणला. पहिली पाच मिनिटं चित्र हळद लावल्यासारखं वाटलं. मग आईचा हात खाली आला.

दुसऱ्या दिवशी बाबा जुना कृष्णधवल सिनेमा बघताना कुरकुरले, "हा सिनेमा वाटत नाही. शेजारी उभं राहून शूटिंग बघतोय असं वाटतं." त्यांनी नेमकं बोट ठेवलं होतं. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा, पडदा साठांचा. मधली चित्रं टीव्ही स्वतः बनवून भरतो आणि हालचाल नको इतकी गुळगुळीत होते. प्रत्येक कंपनी याला वेगळं नाव देते, पण नावात बहुतेक 'मोशन' असतंच. बंद केलं. क्रिकेटसाठीच्या मोडमध्ये थोडं राहू दिलं, चेंडू बरा दिसतो. एक लक्षात ठेवा: हे सेट-टॉप बॉक्सला वेगळं आणि यूट्यूबला वेगळं करावं लागू शकतं. हे कळेपर्यंत मी स्वतःलाच वेड्यात काढत होते.

आवाजाचं सगळ्यात किचकट. टीव्ही जितका पातळ तितके त्याचे स्पीकर बारीक, आणि त्यांची तोंडं खाली कपाटाकडे. आधी ब्लूटूथ हेडफोन आणला. बाबांनी यूट्यूबवर भीमसेनअण्णांची जुनी मैफल लावली, दोन मिनिटं ऐकली आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "अण्णा तोंड मिटतात, मग सम येते." ब्लूटूथवर आवाज किंचित मागे राहतो. बातम्यांना चाललं असतं, पण गाण्याला नाही. तो परत केला आणि ब्लूटूथ नसलेला, स्वतःच्या स्टँडवरून थेट रेडिओलहरींनी आवाज घेणारा घेतला. त्याचं चार्जिंगचं स्टँड टीव्हीच्या मागे ऑप्टिकल वायरने, म्हणजे प्रकाशातून आवाज नेणाऱ्या वायरने जोडायचं. आमच्या टीव्हीत ऑप्टिकल आणि स्वतःचा स्पीकर एकाच वेळी चालू ठेवायची सोय निघाली. ती सगळ्यांत नसते, घेण्याआधी दुकानातच मेनू उघडून बघा. आता बाबांचा आवाज बाबांच्या कानात, आईचा आईच्या. सम जागेवर.

वायफायचं पटकन सांगते: राउटर माडीवर, टीव्ही खाली, मध्ये तीच मातीची जाड भिंत. पाच गिगाहर्ट्झचं नेटवर्क तिथपर्यंत पोचेना, २.४ चं पोचलं. वेग कमी, पण अडकत नाही.

राहिला रिमोट. सेट-टॉप बॉक्स टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआय वायरीतली सीईसी नावाची सोय चालू केली, तेव्हा कुठे बाबांना टीव्हीच्याच रिमोटवर चॅनल बदलता आले आणि बॉक्सचा रिमोट कपाटात गेला. तरी आई चुकून कुठल्या तरी ॲपमध्ये शिरायची आणि मला पुण्याला फोन. शेवटी तिनेच उपाय काढला: होमच्या बटणावर लाल टिकली चिकटवली. हरवलं की टिकली दाबायची. दर आठवड्याला नवी टिकली लागते, एवढाच खर्च.

गल्ली आता सातला शांत असते. शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलंही, "टीव्ही बिघडला का?" आईची तक्रार मात्र वेगळीच आहे. बाबा पहाटे पाचला उठून हेडफोन लावतात, खोलीत टीव्हीचा आवाज काही नाही, आणि दिवाणाच्या कडेवर नुसती थाप चाललेली असते. "तबला ऐकू येत नाही गं," ती परवा फोनवर म्हणाली, "आणि झोपही येत नाही."