हात तर सगळ्यांनी वर केले

"१/८ स्केलमध्ये गाडीच्या मॉडेलचं जोडायचं किट काढलं, पूर्ण इंजिनासकट, तर कोण घेईल?" आज मित्राने विचारलं. सगळ्यांचे हात वर. मग त्याने शांतपणे विचारलं, "ठेवणार कुठे?"

निम्मे हात खाली.

हा प्रश्न दिवसभर डोक्यातून जाईना. साडेचार मीटरची गाडी १/२४ मध्ये, म्हणजे खऱ्या मापाच्या चोविसाव्या भागात, साधारण १९ सेंटीमीटरची होते. १/८ मध्ये तीच ५६ सेंटीमीटर! लांबी तिप्पट, पण जागा २७ पट.

पण मजाही तिथेच आहे. खऱ्या गाडीतली ८ मिलीमीटरची प्लगची वायर इथे बरोबर १ मिलीमीटरची होते, म्हणजे रंगाने भासवायची गरज नाही, खरी वायरच ओवायची. इटलीच्या पोकर या किट कंपनीने याच स्केलमध्ये रोल्स रॉईस फँटम २ काढली होती, २००० हून जास्त सुट्या भागांची. असं काही बांधायला बसलेला माणूस गाडी नुसती जोडत नाही, ती कशी चालते तेही शिकतो.

मित्राची अडचण खरी आहे. प्लास्टिकसाठी स्टीलचे साचे लागतात आणि त्यांचा खर्च पहिला डबा विकण्याआधीच करावा लागतो. ओतून घट्ट होणाऱ्या रेझिनला सिलिकॉनचे साचे चालतात, पण ते काही डझन नगांतच फाटू लागतात. नुसत्या "वा, मस्त!"वर त्याने एवढी उडी कशी घ्यावी?

मला हे किट मनापासून हवंय. कपाटाचा एक कप्पा मी रिकामा करणार आहे.

तुमच्यापैकी कोण आगाऊ पैसे भरून थांबायला तयार आहे? आणि गाडी कोणती हवी?