मोतीबाग ते मोतीबाग

"बाबा, रविवारी मोतीबागले जायचं हाय," असं मी फोनवर म्हटलं, तर पलीकडून उत्तर आलं, "मंग त्याच्यासाठी सुटी कायले काढली वं? सायकलनं दहा मिनिटं लागतात."

त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्या दारव्ह्याच्या स्टेशनाचं नावच दारव्हा मोतीबाग आहे. मी म्हणत होते ते नागपूरचं मोतीबाग, कडबी चौकाजवळचं नॅरोगेज रेल्वे म्युझियम. हे कळल्यावर बाबा जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बंद पडलेल्या गाड्या पाहाले नागपूरले जायचं? ते तं घरीच हायेत." शेवटी नातवाच्या हट्टापुढे त्यांचं काही चाललं नाही.

यवतमाळ-वाशीमकडून जाणाऱ्यांसाठी आधी वाटेचं सांगते. आम्ही दारव्ह्याहून पहिल्या एसटीनं यवतमाळ गाठलं आणि तिथून कळंब-वर्ध्यावरून नागपूर. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, बायकांना अर्धं तिकीट, पोराचंही अर्धं. म्हणजे तीन माणसं एका पूर्ण तिकिटात नागपूरला पोचली. म्हाताऱ्या माणसाचं ओळखपत्र मात्र वरच्या खिशात ठेवा. बाबांनी ते भाकरीच्या फडक्यात बांधून पिशवीच्या तळाशी ठेवलं होतं. कंडक्टर येऊन उभा राहिला आणि अख्खी पिशवी सीटवर रिकामी करावी लागली, ठेच्यासकट.

कळंबला खिडकीतून नवी ब्रॉडगेज दिसते का म्हणून मी सारखी वाकून पाहत होते. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग. त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. पुढे हीच लाइन यवतमाळवरून दारव्ह्याला यायची आहे. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मोठी येऊन राहिली, पण लहानी गेली." लहानी म्हणजे शकुंतला, दारव्ह्यावरून धावणारी आणि आता बंद पडलेली लहान रुळांची गाडी.

नागपूरला गणेशपेठच्या स्टँडवर उतरल्यावर ऑटोवाल्यांशी घासाघीस करत बसू नका. जवळच मेट्रोचं कॉटन मार्केट स्टेशन आहे. तिथून सीताबर्डीला जायचं, गाडी बदलायची आणि कडबी चौकाला उतरायचं. गड्डीगोदामला मेट्रो रेल्वेच्या रुळांवरून, अगदी उंचावरून जाते. ते पाहायचं तर खिडकी धरा. म्युझियम सोमवारी बंद असतं, त्यामुळे शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुटी घेणाऱ्यांनी बेत उलटा करावा. तिकीट किरकोळ आहे.

हे म्युझियम १४ डिसेंबर २००२ ला सुरू झालं आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे आहे. मोतीबाग मुळात बंगाल नागपूर रेल्वेचं, म्हणजे बीएनआरचं वर्कशॉप. जुने लोक बीएनआरचा अर्थ 'बी नेव्हर रेग्युलर' असा लावत. नागपूरहून छिंदवाड्याकडे आणि नागभीडकडे जाणाऱ्या अडीच फुटी गाड्यांचं सगळं आजारपण इथंच निघायचं. छिंदवाड्याची लहान गाडी २०१५ साली थांबली आणि नागभीडची २०१९ साली. तेव्हा आत जे पाहायचं ते फार जुनं समजू नका. नागभीडच्या गाडीत बसून कॉलेजला गेलेली पोरं आज जेमतेम पंचविशी-तिशीत असतील.

आत गेल्यावर लेक सरळ वाफेच्या इंजिनाकडे धावला. सगळेच धावतात. हरकत नाही, पण धावून झाल्यावर दोन गोष्टी नीट पाहा. एक म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरची काचेची नळी. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. भट्टीच्या माथ्यावरचं पाणी ओसरलं तर तिथला पत्रा तापून मऊ पडतो आणि बॉयलर फुटू शकतो. त्यामुळे रुळाकडे एक नजर आणि नळीकडे दुसरी, अशी ती नोकरी होती. दुसरी गोष्ट म्हणजे आतल्या दालनातली टोकनची यंत्रं. रूळ एकच आणि गाड्या दोन्हीकडून येणार, म्हणून पुढच्या स्टेशनापर्यंतचं टोकन हातात पडल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही, आणि एका टप्प्यासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर निघणार. मी हे लेकाला समजावत होते, तर मागून बाबा म्हणाले, "आपल्या शकुंतलेले हे काहीच नोयतं. एकच गाडी. समोरून येईन कोन?"

शेवटच्या वर्षांत खरंच तसं होतं. गार्डच तिकिटं फाडायचा. फाटक आलं की गाडी थांबायची, कोणीतरी उतरून फाटक लावायचं, गाडी पुढे जायची, आणि तो फाटक उघडून धावत येऊन चढायचा.

मग बाबा दिसेनासे झाले. बाकांवर नव्हते, नळावर नव्हते. सापडले ते एका मालडब्यापाशी, दाराच्या कडेवरून हात फिरवत. तिथं दुसरं कोणी नव्हतं. रेल्वेचं म्युझियम कुठलंही असो, गर्दी इंजिनाजवळ आणि सलूनजवळ, म्हणजे साहेबलोकांच्या खास डब्याजवळ असते. मालडब्याशेजारी लोक फक्त सावलीला येतात.

बाबा उमेदीच्या काळात जिनिंग-प्रेसिंगवर हमाल होते. कापसाच्या गाठी लोखंडी आकड्यानं ओढायच्या आणि शकुंतलेच्या डब्यात भरायच्या, हे त्यांचं काम. "हे दार पाय," ते म्हणाले. "गाठ आत घेताना खांदा इथं घासे. डबा लहाना, दार लहानं, पन गाठ तं तेवढीच." डब्यावर रंगानं लिहिलेले आकडे त्यांनी लेकाला वाचून दाखवले: रिकाम्या डब्याचं वजन हे, माल भरायचा तो एवढा. त्या दोन आकड्यांवरून टोळी किती माणसांची लागेल ते ते ठरवत असत.

या लहान रुळांचं सगळं गणित त्या दारापाशी कळतं. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे ब्रॉडगेजच्या १,६७६ च्या निम्म्याहूनही कमी. रूळ हलके, भराव कमी, वळण अरुंद जागेतही बसतं, त्यामुळे लाइन स्वस्तात होते. पण वाचलेला पैसा पुढं कोणीतरी भरतोच. यवतमाळ-दारव्ह्याचा कापूस मूर्तिजापूरला पोचला की मुंबईच्या मोठ्या लाइनला लागायचा, आणि लहान डबा मोठ्या रुळावर चढत नाही. मग प्रत्येक गाठ उतरवायची आणि पुन्हा चढवायची, खांद्यावरून. कंपनीनं जे रुळात वाचवलं ते हमालांच्या पाठीतून गेलं, हे मला पन्नाशीजवळ आल्यावर, त्या डब्यापाशी उभं राहून समजलं. घरी बाबांनी हे कधी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

म्हणून माझा एकच आग्रह आहे. या म्युझियमला जाताना घरातलं किंवा गल्लीतलं एखादं म्हातारं माणूस बरोबर न्या, रेल्वेत नोकरीला नसलेलं असलं तर उत्तम. पाट्या वाचायला तासभर पुरतो. आम्हाला चार तास लागले.

बाकी किरकोळ गोष्टी. डब्यांच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघेदुखीवाल्यांना हात द्यावा लागतो. मे महिन्यात जाऊ नका, नागपूरच्या उन्हात लोखंडाला हात लावता येत नाही. दिवाळीनंतर ते होळीच्या आत जा. लहान मुलांसाठी छोटी गाडी आहे, ती आधीच उरकून घ्या, नाहीतर मूल बाकी काही पाहू देत नाही. जेवण बरोबर न्या किंवा परतताना तर्री-पोहे खा. बाबांनी सावजी मागितलं आणि रात्रभर पाणी पीत बसले.

म्युझियम पाहून तुम्ही थांबलात तर निम्मंच पाहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारसायकलवर आमच्या मोतीबागला गेलो. शकुंतलेची लाइन यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, आणि मूर्तिजापूर ते अचलपूर आणखी ७६. सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही लाइन किलिक निक्सन ही ब्रिटिश कंपनी सांभाळायची. देशातली रेल्वे सरकारी झाली तरी या लाइनीची मालकी खासगीच राहिली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन ही गाडी ओढत असे. एप्रिल १९९४ मध्ये ते काढलं आणि डिझेल आलं. कापूस मँचेस्टरला जाण्यासाठी लाइन टाकली आणि इंजिन मँचेस्टरहून आलं, हिशेब बरोबर जुळतो.

दारव्हा मोतीबागला तिकीटखिडकी नाही आणि माहिती देणारी पाटीही नाही. गवतात रूळ आहेत, बाभळी आहेत, शेळ्या आहेत. लेक दोन्ही रुळांवर एकेक पाय ठेवून आरामात उभा राहिला. ७६२ मिलिमीटर त्याला तेव्हा कळलं, आदल्या दिवशी मी तीनदा सांगूनही कळलं नव्हतं.

दारव्ह्याहून कारंजा आणि तिथून मूर्तिजापूर असा दिवसभराचा फेरा होतो. बाहेरून येणाऱ्यांनी उलटं यावं. मूर्तिजापूर मुंबई-नागपूर मुख्य लाइनवर आहे, तिथं उतरून सुरुवात करा. लहान रूळ आणि मोठे रूळ शेजारीशेजारी पाहिल्यावर गाठी उतरवण्या-चढवण्याचं वेगळं सांगावं लागत नाही. कारंज्यात थांबा. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आहे, गुरुमंदिर आहे, प्रसादही मिळतो. अचलपूरची बाजू करायची तर आणखी एक दिवस लागेल. तिकडे गाडी पूर्णा ओलांडून दर्यापूरला जायची, पण स्टेशनाचं नाव दर्यापूर नाही, बनोसा. विचारताना बनोसाच विचारा.

पायात बूट हवेत, चप्पल नको. बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो, मला गेला. पावसाळ्यात त्या गवतात शिरू नका, साप असतात. आणि आठवण म्हणून खिळा, पट्टी, काहीही उचलू नका. ती आपली मालमत्ता नाही. शिवाय गावातल्या लोकांना अजून वाटतं की गाडी परत येईल. ब्रॉडगेजची मागणी जुनीच आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर बाबा माळ्यावर चढले. मी खालून ओरडत राहिले. गोणपाटात गुंडाळलेला आकडा घेऊन ते उतरले. मूठ झिजून गुळगुळीत झालेली, टोक अजून तिखट.

"हे घेतीन का वं ते नागपूरवाले?"

"विचारून पाहते," मी म्हटलं.

त्यांनी आकडा परत गुंडाळला. "इचार. पन नुसतं इचार, देऊन नको येऊ."