दोन माइक, एक तंबोरा आणि १.७ डेसिबल

पुण्यातल्या माझ्या छोट्या स्टुडिओसाठी मोठ्या डायफ्रॅमचा (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचा) एक चांगला कंडेन्सर माइक घ्यायचे दोन वर्षे नुसतेच ठरत होते. गेल्या महिन्यात नॉयमन या जर्मन कंपनीचे यू ८७ एआय आणि टीएलएम १०३ हे दोन्ही माइक भाड्याने आणले आणि आठवडाभर ऐकले. पहिल्या दिवशीची माझी चाचणी साफ चुकीची होती, आणि ती चूक आमच्या धंद्यात सर्रास होते, म्हणून ती आधी सांगतो.

दोन्ही माइक एकाच प्रीअँपच्या (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राच्या) दोन चॅनलना जोडले, गेनची, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा त्याची, बटणे सारख्याच खुणेवर ठेवली आणि एका गायकमित्राचा आलाप ऐकला. ८७ अधिक भरदार आणि जवळचा वाटला. मनातल्या मनात मी त्याची खरेदी करूनही टाकली. रात्री माहितीपत्रके चाळताना दिसले, की ८७ एआयची संवेदनशीलता (ठरावीक आवाजाला माइक किती व्होल्टेज देतो ते) कार्डिऑइडवर, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या पॅटर्नवर, प्रति पास्कल २८ मिलिव्होल्ट आहे आणि १०३ ची २३. म्हणजे त्याच गेनवर ८७ सुमारे १.७ डेसिबलने वरचढ वाजणारच. एवढा फरक कानाला मोठेपणा म्हणून कळत नाही, गुण म्हणून कळतो. (दुकानातल्या डेमोच्या वेळी गेनच्या बटणाकडे कोणाचे लक्ष असते?)

दुसऱ्या दिवशी दोन्ही माइकच्या कॅप्सूल (आवाज टिपणारे भाग) एकावर एक, जमेल तितक्या जवळ आणल्या, समोरच्या स्पीकरमधून पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांतला एकसारखा खळखळाट) सोडला आणि दोन्ही चॅनलची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवली. टेक एकच घेतला आणि तो दोन्ही माइकवर एकदमच घेतला, कारण तोच आलाप दोनदा हुबेहूब कोणी गात नाही. सहकाऱ्याने पडद्याआड राहून तुकडे वाजवले. मंद्र सप्तकातल्या आलापात मी दहापैकी सहा वेळा माइक बरोबर ओळखला, म्हणजे नाणे उडवले असते तरी फार वेगळे घडले नसते. तंबोऱ्यावर मात्र दहापैकी नऊ. १०३ मध्ये ५ किलोहर्ट्झच्या वर सुमारे ४ डेसिबलचा रुंद उठाव आहे, आणि जवारीची (घोडीला तार घासून उठणाऱ्या झंकाराची) सारी झळाळी वरच्या स्वरांशांत असल्यामुळे जोडाच्या तारा त्यावर किंचित काचेसारख्या वाजल्या.

स्वतःच्या खरखरीच्या बाबतीत १०३ सरस आहे: ८७ एआयची १२ डेसिबल-ए (कानाला जाणवेल त्या हिशेबाने मोजलेले डेसिबल), याची ७. माझ्या खोलीत पंखा आणि एसी बंद असतानाही २७ डेसिबल-ए भरतात, तेव्हा या पाच डेसिबलांचे काय करायचे, असे प्रथम वाटले. पण खोलीचा आवाज बहुतेक खालच्या घरघरीचा असतो आणि माइकची खरखर वरच्या पट्टीत, नेमकी जवारीच्याच शेजारी. तंबोऱ्याचा क्षीण नाद मिक्सिंगमध्ये वर उचलला, की ८७ ची खरखर हेडफोनवर स्पष्ट ऐकू येते.

माझ्याकडचे बहुतेक काम गायनाचे आणि निवेदनाचे आहे, शिवाय ८७ चे इतर दोन पॅटर्न मी वर्षातून दोनदाही वापरणार नाही, म्हणून १०३ घेतला. तंबोऱ्यासाठी तो आता सरळ घोडीवर न रोखता भोपळ्याच्या एका बाजूने, दीड हातावर तिरका लावतो; काचेचा भास बराच ओसरतो. उरलेल्या पैशांतून खिडकीची दुसरी काच बसवून घेतो आहे.