पाटीवर ‘सुकी लाकडं’ लिहिलं होतं

दोन आठवडे झाले. जॅकेट दोनदा धुतलं, तरी धुराचा वास गेलेला नाही आणि माझा रागही. म्हणून लिहून टाकतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पहिल्यांदाच रस्टिक कॅम्पिंगला निघालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची एक रात्र तरी वाचेल.

आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. जूनच्या शेवटी टाक्वामेननचा धबधबा बघायला निघालो. मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेली आई. साडेतीनशे मैलांचा प्रवास, वाटेत मॅकिनॉचा पाच मैलांचा पूल, सगळं सुरळीत झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पॅरेडाइज नावाच्या गावाजवळ राज्याच्या जंगलातलं एक साधं कॅम्पग्राउंड आम्ही धरलं. रस्टिक म्हणजे वीज नाही, अंघोळीची सोय नाही, खड्ड्याचा संडास, एक लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी जमिनीवर लोखंडी कडं. पाण्याला हापसा. तो बघून आईचा चेहरा खुलला. अमेरिकेत आल्यापासून तिला कुणाला न विचारता चालवता आलेली ती पहिली वस्तू. लेकीने जन्मात पहिल्यांदा हापसा पाहिला आणि गरज नसताना चार बादल्या पाणी काढलं.

आता मूळ दुखणं.

आमच्या परसातलं ॲशचं झाड मेलं होतं. ते तोडून त्याचे ओंडके दोन वर्षं गॅरेजच्या भिंतीला रचून ठेवलेले, खडखडीत वाळलेले. निघायच्या आदल्या रात्री मी ते गाडीत भरले. मित्राने फोनवर ऐकलं आणि ओरडलाच. ते झाड ज्याने मारलं तो एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा किडा 2002 साली आमच्याच डेट्रॉइटच्या परिसरात सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली बोगदे करत खातात, झाडाचं अन्नपाणी तुटतं. आणि तो दूरदूर पसरला तो लोकांनी गाडीतून नेलेल्या सरपणातून. त्यामुळे सरपण घरून न्यायचं नाही, जिथे जाळायचं तिथेच विकत घ्यायचं. पटलं. रात्री अकराला सगळे ओंडके पुन्हा उतरवले.

पुलापलीकडे रस्त्याकडेला एक टपरी दिसली. माणूस नाही, नुसत्या मोळ्या रचलेल्या, पैसे टाकायला कुलूपबंद डबा आणि पाटी: सुकी लाकडं. दुपारी पाऊस पडून गेला होता, तो मी गाडीत बसून पाहिलाही होता. तरी पाटी वाचली आणि दोन मोळ्या घेतल्या. पाटीवर विश्वास ठेवायची ही सवय मला इथे येऊन लागली. सांगलीत लहानपणी मी वखारीतून लाकूड हातात घेऊन तोलल्याशिवाय आणलं नसतं.

पावणेसातला शेकोटी पेटवायला बसलो. चुलीवरची खिचडी करायची असं मी महिनाभर घरात गाजवलं होतं. बायको म्हणत होती गॅसची छोटी शेगडी घेऊ, तर मी म्हटलं, मग घरीच खाऊ की! (शेगडी घ्या. चाळीसेक डॉलरला मिळते. घ्याच.)

आईने एक ओंडका हातात घेतला आणि पहिल्याच मिनिटाला सांगितलं, “अरे, हे पेटायचं नाही. ओलं आहे.”

मी म्हटलं, “आई, विकतचं आहे ते.”

या वाक्याला काय अर्थ होता, देव जाणे. जाहिरातींचे कागद संपले. मग कागदी थाळ्या. मग लेकीच्या चित्रकलेच्या वहीची कोरी पानं. कागद भुर्रकन जळायचा आणि ओंडक्यांच्या टोकांतून फेस काढत पाणी बाहेर यायचं. सुं सुं आवाज आणि धूर. आमची बाजू बदलली की धूरही बाजू बदलायचा. वाकून फुंकून मला घेरी आली. आठ वाजता मी तुपाची बरणी काढली आणि चार चमचे तूप ओतलं. भडका उडाला, विझला. आई खुर्चीतून शांतपणे म्हणाली, “स्वाहा म्हण.”

बायको हसली नाही, त्यावरून मला परिस्थिती कळली.

सगळ्यात संताप कशाचा, तर भांडायला माणूसच नव्हता. दुकानदार असता तर परत जाऊन मोळी काउंटरवर आपटली असती. कुलूपबंद डब्याशी काय भांडणार? फोनला रेंज नाही. लेक चिवडा खाऊन खाऊन तहानली होती आणि पुन्हा हापशावर गेली होती. जूनमध्ये त्या भागात सूर्य साडेनवापर्यंत मावळत नाही, त्यामुळे माझी फजिती भर उजेडात, सगळ्या शेजाऱ्यांसमोर चालली होती.

नऊच्या सुमारास शेजारच्या तंबूतले आजोबा हातात छोटी कुऱ्हाड घेऊन आले. काही बोलले नाहीत. दोन ओंडके एकमेकांवर आपटले, कान देऊन ऐकलं, मान हलवली. सुकं लाकूड टण्ण वाजतं, ओलं थप्प वाजतं. मग त्यातल्या त्यात बऱ्या ओंडक्याचे उभे चार तुकडे केले. बाहेरून काळपट भिजलेला ओंडका, पण आत पिवळसर, कोरडा! म्हणजे आईचंही अर्धंच खरं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आजोबांनी त्या आतल्या भागाच्या बोटाएवढ्या, मग काडीएवढ्या ढलप्या काढल्या. आई खुर्चीतून उठली, पदर खोचला आणि त्या रचायला बसली. वाऱ्याच्या बाजूला चुलीसारखं तोंड उघडं ठेवलं. मी तर अडीच तास सगळं ठासून भरत होतो, आत हवा जायला जागाच नव्हती. आजोबांना मराठी येत नाही, आईला इंग्रजी येत नाही. सव्वानऊला जाळ धरला. ओले ओंडके कड्याभोवती उभे करून शेकत ठेवले, ते वाळले तसे एकेक आत सरकवले. खिचडी दहा वाजून वीस मिनिटांनी झाली. आजोबांना वाटीभर दिली, ते लोणचंही मागून घेऊन गेले.

तर कुऱ्हाड न्या. घरून नेऊ नये ते लाकूड, कुऱ्हाड चालते. मोळी घेताना टोकाला भेगा आहेत का बघा, भेगा म्हणजे वाळलेलं. आणि उरलेली खिचडी, लोणचं, टूथपेस्टसुद्धा रात्री गाडीत बंद करा, तिथे काळी अस्वलं आहेत.

धबधबा? हो, दुसऱ्या दिवशी तोही पाहिला. वरचा धबधबा जेमतेम पन्नास फूट उंच, पण दोनशे फूट रुंद, आणि पाणी चक्क तपकिरी. सीडरच्या झाडांच्या दलदलींतून येताना त्यात टॅनिन उतरतं. आई म्हणाली, “गुळाचा कोरा चहा.” खालच्या बाजूला बेटाभोवती पाच छोटे धबधबे आहेत. पूर्वी त्या बेटावर वल्ह्याच्या होडीने जावं लागायचं, 2022पासून पूल आहे. वरून खाली नदीकाठाने चारेक मैलांची पायवाट जाते. मी आणि लेक चालत गेलो, बाकीच्या गाडीने. वाटेत मुळं, चिखल, आणि उभं राहिलो की डास. जूनमध्ये जाळीची टोपी हवीच. ऑगस्टअखेर गेलात तर डास बरेच कमी.

परतताना टपरीपाशी गाडी थांबवली. पाटी तशीच होती. मी उतरून दोन ओंडके आपटून बघितले. थप्प. बायकोने हॉर्न वाजवला.

हां, एक राहिलंच. या कॅम्पग्राउंडवर भाडं लिफाफ्यात घालून लोखंडी नळकांड्यात टाकायचं असतं. सुटे न्या. मी जास्तीचे पाच डॉलर तिथेही सोडून आलोय.