रविवारची सुशीला

रविवारी दुपारी ‘नीट’ची सराव टेस्ट सुटते आणि लातूरच्या ट्यूशन एरियात चहाच्या गाड्यांवर बेरजा सुरू होतात. १८० प्रश्न, १८० मिनिटं. बरोबरला चार गुण, चुकलं की एक वजा. बेरीज तीनदा करूनही तेवढीच येते, मग पोरं गप्प होतात. आणि नेमकी त्याच संध्याकाळी मेस बंद.

अशा वेळी खोलीवर सुशीला करावी, म्हणजे भिजवलेले फोडणीचे मुरमुरे. मराठवाड्याबाहेरून आलेला रूममेट नाव ऐकून दचकतो. त्याला कांदा चिरायला बसवावं.

दोघांना १५० ग्रॅम मुरमुरे लागतात. कोरडा ढीग बघून वाटतं, वऱ्हाड जेवेल. भिजला की तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मुरमुरे जरा जाडसर बघावेत, पातळ असले की पाण्यात विरघळून लापशी होते. सादळलेले असतील तर उत्तमच. पावसाळ्यात उघडा राहिलेला पुडा भेळीला कामाचा नसतो, सुशीलेला त्याच्याबद्दल काही तक्रार नाही.

पातेलंभर पाण्यात मुरमुरे टाकून तळहातानं दाबावेत, वीस-तीस सेकंद, बस. ते आधीच शिजून फुटलेले असतात, त्यांना फक्त ओल हवी. मग मुठीनं वर उचलून दोन्ही तळव्यांमध्ये हलके पिळायचे. पातेलं चाळणीत ओतायचं नाही, कारण मुरमुरे वाळूत फोडतात आणि ती वाळू तळाशी बसलेली असते. ओतली की पुन्हा मुरमुऱ्यांत येते, आणि पहिल्याच घासाला दाताखाली कच्च. नळाखाली धुवायची सोय असते, पण २०१६च्या उन्हाळ्यात ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं नळ सोडून उभं राहणं बरं दिसत नाही. पातेल्यातल्या त्याच पाण्यात कढई भिजत घालता येते.

या पिळण्याला दोन्ही हात लागतात आणि दोन्ही ओले होतात. उत्तरसूची उघडता येत नाही, फोन उचलता येत नाही. आठवड्यातली एवढीच काय ती पाच मिनिटं.

कढईत तीन मोठे चमचे तेल. मूठभर शेंगदाणे आधी तळून बाजूला काढावेत, नाहीतर वाफेत मऊ पडतात. मग मोहरी, जिरे, पाच-सहा मिरच्या, कढीपत्ता, दोन कांदे. कांदा गुलाबी झाला की अर्धा चमचा हळद. आधी घातली तर करपते. मुरमुरे आणि वरून तीन चमचे डाळव्याचं, म्हणजे भाजक्या चणाडाळीचं कूट. कूट घालायचं राहिलंच, तर सुशीला गिळगिळीत होते. उरलेलं पाणी शोषायचं काम तेच करतं. उलथन्यानं खालून वर घ्यावी, घोटू नये. मंद आचेवर झाकून दोन मिनिटं. दाणे, कोथिंबीर आणि लिंबू गॅस बंद केल्यावर.

मीठ बेतानं. खारे मुरमुरे भिजवल्यावरही थोडं मीठ धरून ठेवतात, म्हणून एक घास चाखूनच घालावं. कांदा, तिखट कमी पडलं तर सावरता येतं. मिठाला निगेटिव्ह मार्किंग आहे. चिमूटभर साखर घालणारे लोकही असतात. असोत.

एकट्यासाठी सहसा कुणी सुशीला करत नाही. एकटा असला की मुलगा बिस्किटाचा पुडा फोडतो आणि दार लावून घेतो. टेस्टनंतर शेजारच्या खोलीचं दार लावलेलं दिसलं, तर १५० ऐवजी २२५ ग्रॅम मुरमुरे भिजवावेत, एक कांदा जास्तीचा चिरावा आणि दार वाजवावं. ताटल्या दोनच असतील. तिसऱ्याला कढईचं झाकण पालथं करून द्यावं, चांगलं खोलगट असतं ते.